१८ वर्षांची सिंगल माल्ट: चाखायची कशी, जोखायची कशी

नमस्कार मंडळी. हा ग्लास बघा. यात १८ वर्षांची स्कॉच सिंगल माल्ट आहे, म्हणजे मोड आणलेल्या जवापासून केलेली स्कॉटलंडची व्हिस्की. ओतून वीस मिनिटं झाली आणि मी अजून एक घोटही घेतलेला नाही. जुन्या माल्टला ग्लासात थोडं बसू द्यायचं. ओतल्या ओतल्या अल्कोहोलचा जो झणका येतो, तो ओसरला की बाकीचे वास वर येतात.

तोवर या १८ आकड्याचं बघू. लेबलवरचं वय हे बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं. आत २५ वर्षांचं पिंपही मिसळलेलं असू शकतं, पण १७ वर्षांचं एकही नाही. आणि हे वय पिंपातलं. एकदा बाटलीत भरली की वय थांबलं. कपाटात आणखी दहा वर्षं ठेवलीत तरी ती १८चीच.

रंगावर मी वेळ घालवत नाही. स्कॉचमध्ये रंग जुळवायला साधं कॅरमेल घालायची मुभा आहे, त्यामुळे गडद दिसली म्हणजे जुनी, असं नसतं.

आता वास. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. नाक आत खुपसू नका, कडेशी धरा आणि ओठ किंचित उघडे ठेवा, म्हणजे डंख बसत नाही. आणि इथेच स्वतःला विचारा: हा वास पिंपाचा, की मद्याचा? व्हॅनिला, खोबरं, लवंग हे ओकच्या लाकडातून येतं. पिंपात आधी शेरी, म्हणजे स्पेनची कडक वाइन, असेल तर मनुका, अंजीर, अक्रोड. पण सफरचंद, जवाचा गोडवा, मेण, पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर हे बहुतेक करून मूळ मद्याचं देणं.

मी इतका अडून बसतो, कारण चांगलं पिंप कुणालाही विकत घेता येतं. मूळ मद्य मात्र त्या एका डिस्टिलरीचंच असतं. 'सिंगल' म्हणतात ते त्यासाठीच! वर्षं वाढतात तसं लाकूड बोलत राहतं आणि मद्याचा आवाज बारीक होत जातो. धूरसुद्धा मऊ पडतो. दरवर्षी साधारण दोन टक्के पिंपातून उडून जातं, त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात अल्कोहोलही हळूहळू उतरतं, आणि ४० टक्क्यांच्या खाली गेलं तर स्कॉच म्हणून विकताच येत नाही.

पहिला घोट अगदी छोटा, फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. दुसरा जिभेवर फिरवा. चहा फार वेळ उकळला की जीभ कशी कोरडी, तुरट पडते? गिळल्यावर तसंच होऊन तेवढंच उरलं, तर लाकडाने व्हिस्की गिळली, मग लेबलवर ३० लिहिलेलं असो.

पाणी घालायला घाबरू नका. २०१७ साली स्वीडनमधल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून पाहिली. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असलं की धुराच्या वासाचं ग्वायकॉल पृष्ठभागाशी जमतं. ५९ टक्क्यांच्या वर ते आत दडून बसतं. म्हणून कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून पाणी न घालता बाटलीत भरलेली, असेल तर पाणी हवंच. पण ४३ टक्क्यांच्या जुन्या माल्टमध्ये थेंब मोजून. एक घातला, वास घेतला, मग दुसरा. एकदा पातळ झाली की परत येत नाही. बर्फ नको, थंडीने वास दबतो.

आणि संपल्यावर ग्लास लगेच धुऊ नका. हा याच बाटलीचा कालचा ग्लास, रात्रभर तसाच ठेवलाय.

[रिकामा ग्लास नाकाशी नेतो]

मेण. थोडा मध. मागे कुठेतरी भिजलेलं गवत. व्हॅनिला जवळजवळ नाहीच. अठरा वर्षं लाकडात राहूनही हिचा स्वतःचा आवाज शाबूत आहे. चला, आता घोट घेतो.