मी तिथे होतो

(पडद्यावर : टेबलावर पसरलेला जळका कागद, अगदी जवळून)

हा कागद नीट बघा. वरचा कोपरा काळा पडलाय. डावी कड भाजलेल्या पापडासारखी झालीये, बोट लागलं तर तुकडा पडेल. मधल्या चार ओळी तेवढ्या शाबूत आहेत, टाइपरायटरवर बडवलेल्या. हातमोजे घातलेली एक बाई पातळ पट्टी घेऊन हे पान खालच्या पानापासून सोडवतेय. घाई करून चालणार नाही, दोन्ही पानं जातील.

हे अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातलं सेंट लुईस. सैन्यातून परतलेल्या लाखो माणसांची सेवापुस्तकं इथल्या सरकारी दप्तरखान्यात ठेवलेली असतात. कोण कधी भरती झाला, कुठल्या पलटणीत होता, कुठे लढला, कुठलं पदक त्याच्या नावावर लागलं, सगळं. जे राहिलंय ते.

(पडद्यावर : जुनी कृष्णधवल छायाचित्रं, सहा मजली इमारत, धूर)

१२ जुलै १९७३. रात्रीचे १२ वाजून १६ मिनिटं. सेंट लुईसच्या वेशीवरच्या ओव्हरलँडमधून, जिथे हा दप्तरखाना तेव्हा होता, आगीची वर्दी गेली. पहिले बंब पाच मिनिटांच्या आत पोहोचले. आग होती सहाव्या मजल्यावर. एकेक मजला ७२८ फूट लांब, २८२ फूट रुंद, आणि वरपर्यंत कागद. मधे आग अडवणारी भिंत नव्हती, छताला पाण्याचे फवारे नव्हते. इमारत बांधताना फवाऱ्यांवर वाद झाला होता. पाणी गळलं तर कागद भिजतील, हे तेव्हा दप्तर सांभाळणाऱ्या अनेकांना आगीपेक्षा मोठं भय वाटत होतं.

पहाटे सव्वातीनला धुरामुळे आणि उष्णतेमुळे जवानांना बाहेर यावं लागलं. २२ तास आग आटोक्यात आली नाही. पूर्ण विझली म्हणून जाहीर व्हायला १६ जुलै उजाडला. तोवर लाखो गॅलन पाणी ओतून झालं होतं आणि ते सहाव्या मजल्यावरून खालच्या सगळ्या मजल्यांवर झिरपलं होतं. जे जळालं नाही ते भिजलं. सेंट लुईसचा जुलै दमट असतो, बुरशी धरायला वेळ लागला नाही. भिजलेल्या फायली दुधाच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये भरून मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीच्या निर्वात कोठडीत नेल्या. अंतराळात काय टिकतं, हे तपासायला बांधलेली ती कोठडी. एका खेपेला सुमारे २,००० क्रेट, आणि त्यातून जवळजवळ आठ टन पाणी निघायचं.

आग कशानं लागली, हे सिद्ध झालं नाही.

गेलं किती? १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली. नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या १०० पैकी ८० फायली. म्हणजे पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध, कोरिया. हवाई दलात सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात सुटलेल्यांपैकी ज्यांची आडनावं वर्णक्रमात 'हबर्ड' या आडनावाच्या पुढची, त्यांच्या १०० पैकी ७५. हवाई दलात कुणाचं दप्तर राहिलं नि कुणाचं गेलं, हे आडनावावर ठरलं. दुसरी प्रत नव्हती. मायक्रोफिल्म नव्हती. काय काय होतं, याची यादीसुद्धा नव्हती.

(पडद्यावर : स्वयंपाकघरातलं टेबल, चष्मा, कोरा अर्ज)

आता त्या माणसाचा विचार करा, जो पन्नास वर्षं काही बोलला नाही. परत आला, नोकरी केली, मुलं वाढवली. मग एक दिवस नातवंड विचारतं, आजोबा, तुमची पदकं कुठेत? तो सुटकेचा कागद काढतो. याला तिथे डीडी २१४ म्हणतात. त्यावर पदकांच्या रकान्यात एकच नाव, किंवा तेही नाही. घरी पोचायची घाई होती, कारकुनानं जे भरलं त्यावर सही करून तो निघून गेला होता.

तो पत्र लिहितो. उत्तर येतं : तुमची फाईल १९७३ च्या आगीत गेलेली असावी, तुमच्याकडे काही पुरावा असेल तर पाठवा.

हे उत्तर लिहिणाऱ्या कारकुनाचा काही दोष नाही, त्याच्या हातात खरंच काही नसतं. पण हरवलं सरकारकडून, आणि सिद्ध करायचं म्हाताऱ्यानं. मला हे आजही पटत नाही.

मग शोध सुरू होतो, आणि तो करणारी माणसं चिकाटीची आहेत. सेवापुस्तक जळालं, तरी पगाराची शेवटची व्हाउचरं वेगळ्या दप्तरात होती, ती वाचली. त्यातून नाव, सेवाक्रमांक, भरतीची आणि सुटकेची तारीख मिळते. दुसरा आधार म्हणजे प्रत्येक कंपनीचा, म्हणजे पलटणीतल्या छोट्या तुकडीचा, रोजचा अहवाल, मॉर्निंग रिपोर्ट. रोज सकाळी कंपनीचा कारकून, तंबूत का असेना, तो भरायचा. पण त्यात सगळ्यांची नावं नसत. फक्त बदल लिहायचे. कोण नवीन आला, कोण आजारी, कोण जखमी, कोण बेपत्ता, कोण गेला. जो धडधाकट आपल्या जागी उभा होता, त्याचं नाव नाही.

म्हणून शोधणारा दोनच दिवस शोधतो. हा माणूस कंपनीत आला तो दिवस, आणि गेला तो दिवस. मधल्या दिवसांत तो होता, असं धरायचं, कारण नव्हता असं कुणी लिहिलेलं नाही. ती पलटण त्या महिन्यांत कुठल्या मोहिमेत होती, हे इतिहासात नोंदलेलं आहे. दोन्ही जुळलं, की मोहिमेचा तारा, म्हणजे पदकाच्या फितीवर लावायचा छोटा तारा, त्याच्या नावावर चढतो.

१९८८ मध्ये आणखी एक ठेवा हाती लागला. युद्धकाळात दवाखान्यात भरती झालेल्यांच्या १ कोटी नोंदी, संगणकाच्या फितींवर. त्यात नाव नाही, फक्त सेवाक्रमांक. ज्याला आपला क्रमांक पाठ आहे, त्याची जखम सापडण्याची आशा असते. आणि सैनिक बायकोचा वाढदिवस विसरेल, सेवाक्रमांक विसरत नाही.

'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये,' असं आपण म्हणतो. इथे ज्यांनी चढली ते वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या जवानांना सांगितलं जायचं, सुटकेचा कागद आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात नोंदवून ठेवा. ज्यांनी ऐकलं, त्यांची नक्कल जिल्ह्याच्या वहीत आजही आहे.

कित्येकांना आपला हक्कच ठाऊक नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ज्यांना लढाऊ पायदळाचा बिल्ला मिळाला, त्या सगळ्यांना ब्राँझ स्टार पदक मिळू शकतं, असा निर्णय युद्ध संपल्यावर दोन वर्षांत झाला. पण ते आपोआप मिळत नव्हतं, मागावं लागत होतं. त्या बिल्ल्याची निळ्या पट्टीवरची बंदूक छातीवर लावून हजारो माणसं घरी गेली आणि मागायचं असतं हे न कळताच वारली. कोरियातल्यांचं वेगळंच. दक्षिण कोरियानं आपलं युद्धपदक १९५१ मध्येच देऊ केलं होतं. अमेरिकेनं ते आपल्या सैनिकांना लावायची परवानगी दिली १९९९ मध्ये. पंचविशीतला पोरगा तोवर सत्तरी ओलांडून गेला होता.

(पडद्यावर : लांब टेबल, तीन खुर्च्या, फायलींचा गठ्ठा)

पत्रानं काम झालं नाही, तर सैनिकांच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे जायचं. १९४६ च्या आधी एका सैनिकाची नोंद दुरुस्त करायला संसदेत खास विधेयक आणावं लागे. मग कायदा झाला आणि हे काम नागरी सदस्यांच्या मंडळावर सोपवलं गेलं. अर्जाचा नमुना डीडी १४९. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा, पण न्यायाच्या दृष्टीनं गरज असेल तर मंडळ मुदत माफ करू शकतं. सोबत जोडायला काय चालतं? घरी पाठवलेली पत्रं, मागे तारीख लिहिलेला फोटो, हुकमाची कार्बन प्रत. आणि सोबत्याचा जबाब : हा माझ्या शेजारच्या खंदकात होता. पण कोरियाहून परतलेले आज नव्वदीच्या घरात आहेत. शेजारच्या खंदकातला माणूस हयात असेल, असं नाही.

मंजूर झालं, तर डीडी २१५ नावाचा कागद येतो. जुना कागद रद्द होत नाही. हा त्याला जोडायचा. त्यावर फक्त राहून गेलेलं लिहिलेलं असतं.

(पडद्यावर : पुन्हा पहिलं टेबल, तोच जळका कागद)

आगीतून वाचवलेल्या ६५ लाख फायली आहेत. सगळ्या साफ करून ठेवलेल्या नाहीत, तेवढे हात कुठून आणायचे? एखाद्या फाईलसाठी कुणाची मागणी येते, तेव्हाच ती खोक्यातून या टेबलावर येते. बुरशी झाडली जाते, पानं सुटी होतात. हा कागद इथे आहे, कारण कुणीतरी पत्र लिहिलं.

बाईनं पान सोडवलंय. आता ते इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली जातं. डोळ्यांना जिथे नुसती काजळी दिसत होती, तिथे पडद्यावर शाई वेगळी होते. आधी एक आकडा. मग त्याच्या शेजारचा. सेवाक्रमांक आहे. ती पेन्सिल उचलते आणि एकेक आकडा उतरवून घेते.