थंड इंजिन आणि तापमानाचा सेन्सर

श्रोते हो, नमस्कार. कार्ब्युरेटरऐवजी फ्यूल इंजेक्शन, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारण्याची सोय, असलेली जुनी पेट्रोल गाडी दिवसभर उत्तम चालते, पण रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून दमवते, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी आजचे हे भाषण आहे. सेल्फच मंद फिरत असेल, तर बॅटरी, तिची टर्मिनले आणि अर्थिंगची तार आधी पाहावी. तो विषय येथेच संपतो. सेल्फ जोरात फिरतो आणि तरीही इंजिन पेट घेत नाही, अशा गाडीबद्दल आपल्याला बोलायचे आहे.

अशा गाडीत थोडा वेळ सेल्फ मारल्यावर ठिणगी देणारा एक प्लग काढून पाहावा. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे. मग एक तर ते जास्त होते आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पुरेसे पोहोचतच नाही. पुन्हा सांगतो, कारण पुढचा सगळा शोध यावर अवलंबून आहे: ओला प्लग म्हणजे ठिणगी पाहा, कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल पाहा. हे न पाहता अंदाजाने सुटे भाग बदलत सुटणे मला मुळीच मान्य नाही, आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद असलेली एक वही गाडीतच असावी, असे माझे ठाम मत आहे.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्त द्यावे लागते. पूर्वी हे काम चोक करीत असे. इंजेक्शनच्या गाडीत किती जास्त द्यायचे हे कंप्यूटर मुख्यतः कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाच्या सेन्सरला विचारून ठरवतो. हा सेन्सर थंड असताना त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त असतो आणि तापल्यावर कमी होतो. अनेक जुन्या गाड्यांत तो 20 अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम, तर 80 अंशांना सुमारे तीनशे ओहम भरतो.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या गाडीची हकीकत मला येथे सांगितलीच पाहिजे. थंडीत त्यांची गाडी सकाळी चालू होत नसे, आणि एकदा कशीबशी चालू झाली की संध्याकाळपर्यंत कुरकुर करीत नसे. प्लग कोरडे निघाले, म्हणून गॅरेजमध्ये फ्यूल पंप बदलला गेला, मग फिल्टर, मग इंजेक्टर धुऊन झाले. पेट्रोलचा दाब मात्र पहिल्यापासून बरोबर होता. तापमानाच्या सेन्सरची शंका कोणी काढली, की उत्तर ठरलेले असे: डॅशबोर्डवरचा काटा सकाळी अगदी तळाशी असतो आणि इंजिन तापले की वर चढतो, म्हणजे सेन्सर ठीक आहे.

शेवटी रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ भल्या पहाटे मल्टिमीटर घेऊन आले. बॉनेट उघडून त्यांनी थर्मोस्टॅटच्या घराजवळ बोट ठेवले आणि म्हणाले, ‘‘बाई, हे पाहा, येथे सेन्सर एक नाही, दोन आहेत. एका तारेचा आहे तो काट्याचा, आणि दोन तारांचा आहे तो कंप्यूटरचा. काटा खरे बोलतो म्हणून दुसराही खरे बोलतो, असे कशावरून?’’ त्यांनी दोन तारांचे सॉकेट उपसून मीटरच्या पिना सेन्सरला लावल्या. बॉनेटवर दव साचलेले, इंजिन हाताला गारठलेले, आणि मीटर दाखवत होता जेमतेम तीनशे ओहम! कंप्यूटरच्या समजुतीप्रमाणे इंजिन चांगले तापलेले होते, म्हणून तो थंड इंजिनाला गरम इंजिनापुरतेच पेट्रोल देत होता. इंजिन खरोखर तापले की चुकीचा आकडा आपोआप बरोबर ठरे, आणि म्हणूनच दिवसा दोष दिसत नसे.

मग त्यांनी खिशातल्या डबीतून एक छोटा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा सुटा भाग, काढला. त्यावर पिवळा, जांभळा, लाल असे पट्टे होते, म्हणजे चार हजार सातशे ओहम, म्हणजेच सुमारे पाच अंशांची थंडी. त्याचे दोन्ही पाय वाकवून त्यांनी रिकाम्या सॉकेटमध्ये खोचले आणि म्हणाले, ‘‘बाई, आता सेल्फ मारा.’’ इंजिन तत्काळ चालू झाले. नवा सेन्सर नंतर बसला, पण निदान त्या रेझिस्टरने केले. मोजून केलेल्या निदानाइतके सुंदर काम दुरुस्तीच्या धंद्यात दुसरे नाही.

सेन्सर बरोबर असूनही प्लग कोरडा असेल, तर आणखी एक परीक्षा आहे. किल्ली फिरवताच पंपाचा आवाज येत असेल, तर सेल्फ न मारता किल्ली दोन-तीन सेकंद चालू ठेवावी, बंद करावी, असे दोन-तीनदा करून मग सेल्फ मारावा. गाडी लगेच चालू झाली, तर रात्री नळीतला दाब उतरतो आहे. पंपातील झडप, दाबनियंत्रक किंवा गळका इंजेक्टर तपासावा. 1970 आणि 1980च्या दशकांतील अनेक गाड्यांत थंडीपुरता वेगळा इंजेक्टर आणि त्याचा तापमान-स्विच असतो. या इंजेक्टरच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावून थंड इंजिनावर सेल्फ मारावा. दिवा क्षणभरही लागला नाही, तर स्विच आणि त्याच्या तारा पाहाव्यात.

सेन्सर बदलायचा तो इंजिन पूर्ण गार असतानाच, कारण गरम कूलंट दाबाने बाहेर उसळते; आणि बदलल्यावर कूलंटची पातळी भरून आत अडकलेली हवा काढून टाकावी. नमस्कार.