जीन हार्लो : केसांची कीर्ती आणि बोलण्याची कमाई

नमस्कार, श्रोतेहो.

हॉलीवूडची सोनेरी केसांची मादक नायिका म्हटले की मेरिलिन मन्रोचे नाव सर्वांत आधी तोंडावर येते. परंतु ज्या साच्यात मन्रोला पुढे बसवण्यात आले, तो साचा ती शाळेतही जात नव्हती तेव्हाच, म्हणजे 1930-31 साली, तयार झालेला होता; आणि ज्या मुलीवरून तो घेतला गेला, तिचे नाव जीन हार्लो. अवघ्या सव्वीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या अभिनेत्रीविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. रूपासाठी प्रसिद्ध असलेल्या नटीविषयी रेडिओवरून बोलणे हा तसा उफराटा उद्योग वाटेल, पण हार्लोच्या बाबतीत तो अडचणीचा नाही. तिचे केस जगभर गाजले हे खरे; तिची स्वतःची म्हणावी अशी कमाई मात्र तिच्या बोलण्यात होती, असे माझे मत आहे.

तिचा जन्म 3 मार्च 1911 रोजी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कॅन्सस सिटी या शहरात झाला. तिचे पाळण्यातले नाव हार्लीन कार्पेंटर. वडील दंतवैद्य होते, आईचे माहेर पैसेवाले होते आणि घरात एकुलती एक असल्यामुळे सगळे तिला 'बेबी' म्हणत. हे नाव तिला इतके चिकटले की शाळेत जायला लागेपर्यंत आपले नाव हार्लीन आहे हे तिला ठाऊकच नव्हते, असे सांगतात. तिच्या आईचे माहेरचे नाव जीन हार्लो. या बाईला स्वतःला सिनेनटी व्हायचे होते. नवऱ्यापासून घटस्फोट घेतल्यावर 1923 च्या सुमारास ती मुलीला घेऊन हॉलीवूडला गेली, पण तिशी उलटलेल्या नवख्या बाईला तिथे कोणी उभे करेना आणि दोनेक वर्षांनी मायलेकी परत आल्या. मुलीच्या पुढच्या आयुष्यावर आईची ही हुकलेली हौस सतत पहारा देत राहिली.

पंधराव्या वर्षी उन्हाळी शिबिरात गेलेल्या हार्लीनला स्कार्लेट फीवर झाला. त्या काळी हा मुलांचा नेहमीचा, पण धोकादायक आजार होता. ती बरी झाली आणि त्या दुखण्याचे कोणाला काही वाटले नाही. सोळाव्या वर्षी तिने चार्ल्स मॅक्ग्रू नावाच्या श्रीमंत घरातल्या तरुणाशी लग्न केले आणि हे जोडपे बेव्हर्ली हिल्समध्ये राहायला आले. अभिनयाची तिला फारशी ओढ नव्हती. एका मैत्रिणीला मोटारीतून फॉक्स स्टुडिओत सोडायला गेली असता तिथल्या लोकांची नजर तिच्यावर पडली, त्यांनी शिफारसपत्रे दिली, मैत्रिणींनी 'तुझी हिंमत होणार नाही' म्हणून डिवचले, तेव्हा ती एक्स्ट्रा कलाकारांची भरती करणाऱ्या कचेरीत गेली आणि तिथल्या वहीत स्वतःचे नाव न लिहिता आईचे नाव लिहून आली.

सुरुवातीची कामे गर्दीतली होती. 1929 साली लॉरेल आणि हार्डी यांच्या एका छोट्या विनोदी मूकपटात मात्र ती लक्षात राहण्याजोगी दिसते. टॅक्सीतून एक ऐटबाज तरुणी उतरते, लॉरेल मोठ्या अदबीने तिच्यामागे टॅक्सीचे दार लावतो, दारात तिच्या झग्याचा मागचा भाग अडकतो, टॅक्सी निघून जाते आणि ही बाई त्याचा पत्ताच नसल्याप्रमाणे मान ताठ ठेवून आतल्या कपड्यांनिशी हॉटेलच्या दालनात चालत जाते. प्रसंग घटकाभराचा आहे, पण हसे होत असताना चेहरा कसा गंभीर ठेवावा हे तिला अठराव्या वर्षी कळत होते, याची ती साक्ष आहे.

यानंतर हॉवर्ड ह्यूज हा तरुण कोट्यधीश निर्माता आला. पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवरचा 'हेल्स एंजल्स' हा त्याचा प्रचंड खर्चाचा चित्रपट मूकपट म्हणून बराचसा पुरा झालेला होता, एवढ्यात बोलपटांची लाट आली आणि ह्यूजने तो आवाजासह पुन्हा चित्रित करायला घेतला. नायिका ग्रेटा निसेन ही नॉर्वेची, आणि चित्रपटातली तरुणी इंग्रज. निसेनचे उच्चार चालण्याजोगे नव्हते. तिच्या जागी आठवड्याला शंभर डॉलरच्या करारावर जीन हार्लोला घेण्यात आले. म्हणजे जिला जग केवळ डोळ्यांनी ओळखणार होते, तिला पहिली मोठी संधी ध्वनीमुळे मिळाली! 27 मे 1930 रोजी हॉलीवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये चित्रपट झळकला. प्रेक्षक खूश झाले आणि समीक्षकांनी तिच्या अभिनयाला नावे ठेवली. ती नावे ठेवणे अन्याय्य नव्हते, कारण ओढूनताणून आणलेले इंग्रजी वळणाचे बोलणे तिच्या तोंडी बसत नव्हते. या चित्रपटातला एक भाग रंगीत आहे आणि चित्रपटातली हार्लो रंगांत दिसते ती एवढ्या एकाच ठिकाणी.

ह्यूजला तिच्या अभिनयात रस नव्हता, केसांत होता. 1931 साली कोलंबिया कंपनीच्या, फ्रँक काप्रा दिग्दर्शित एका चित्रपटाचे आधीचे नाव बदलून तिच्या केसांवरून 'प्लॅटिनम ब्लाँड', म्हणजे रुपेरी झाक असलेल्या सोनेरी केसांची बाई, असे ठेवण्यात आले. वास्तविक श्रेयनामावलीत पहिले नाव लोरेटा यंगचे होते. गावोगावी प्लॅटिनम ब्लाँड क्लब निघाले, आणि तिच्या केसांची नेमकी छटा साधून दाखवणाऱ्या केशरचनाकाराला दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. ते कोणालाच मिळाले नाही. आपण केस रंगवतच नाही असे ती म्हणत असे, पण तिच्या केशरचनाकाराने पुढे जी कृती सांगितली ती ऐकून अंगावर काटा येतो: पेरॉक्साइड, अमोनिया, कपडे धुण्याचे ब्लीच आणि साबणाचा चुरा, हे सगळे एकत्र करून डोक्यावर, आणि तेही दर आठवड्याला. केसांची इतकी धूळधाण झाली की काही चित्रपटांत तिला टोप घालावा लागला. मंदीने होरपळलेल्या अमेरिकेतल्या कितीतरी मुलींनी घरच्या घरी पेरॉक्साइडच्या बाटल्या रिकाम्या केल्या, त्यांच्या केसांचे काय झाले असेल कोण जाणे.

3 मार्च 1932 रोजी, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, एमजीएम कंपनीने तीस हजार डॉलर देऊन ह्यूजकडून तिचा करार विकत घेतला, आणि इथे तिच्या आयुष्याने खरे वळण घेतले. कंपनीच्या हाती 'रेड-हेडेड वुमन' या चित्रपटाची कथा होती. आपल्या मालकाला जाळ्यात ओढून त्याचा संसार मोडणाऱ्या एका टायपिस्ट मुलीची ही गोष्ट. कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डने तिची पटकथा लिहिली होती, पण ती निर्मितीप्रमुख आयर्व्हिंग थालबर्गला फार गंभीर वाटली. त्याला लोक हसायला हवे होते. त्याने काम अनिटा लूस या लेखिकेकडे दिले. लूसने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, या भूमिकेसाठी आलेल्या हार्लोला थालबर्गने विचारले की, लोकांना हसवणे तुला जमेल का? तिने उलट विचारले, लोकांनी माझ्याबरोबर हसायचे की मला हसायचे? तो म्हणाला, तुला हसायचे. त्यावर तिचे उत्तर होते की, त्यात काय, लोक जन्मभर मला हसतच आले आहेत.

या उत्तरात तिचा सगळा अभिनय आहे. लाल केसांचा टोप घालून, म्हणजे जी तिची एकमेव पुंजी समजली जात होती ती झाकून, तिने त्या चित्रपटात धमाल उडवून दिली. नायिकेला शेवटी कसलीही शिक्षा होत नाही, उलट ती पॅरिसमध्ये एका धनाढ्य म्हाताऱ्याच्या गाडीतून मिरवताना दिसते, म्हणून नीतिरक्षक खवळले आणि ब्रिटनमध्ये चित्रपटावर बंदी आली. आता तिला उसने इंग्रजी उच्चार करायची गरज उरली नव्हती. मिझुरीचे सपाट, किंचित नाकातले बोलणे, रागावली की चिरकणारा स्वर आणि समोरच्याचे वाक्य संपायच्या आत त्यावर उडी घेण्याची लकब, हे सगळे तिने जसेच्या तसे पडद्यावर आणले.

त्याच वर्षीच्या 'रेड डस्ट'मध्ये, इंडोचायनातल्या रबराच्या मळ्यावर येऊन पडलेली बदनाम बाई तिने रंगवली आहे. पिंपात बसून आंघोळ करण्याचा प्रसंग सगळ्यांना आठवतो, पण माझ्या आवडीचा प्रसंग वेगळा आहे: पोपटाचा पिंजरा साफ करता करता ती वैतागून पोपटाला विचारते, सिमेंट खाल्लेस की काय? एखादी घरातली कामाने कावलेली बाई बोलेल तसे ते वाक्य येते. मादक नायिका पिंजरा खरवडते आहे, यातली गंमत तिला स्वतःला कळलेली आहे.

हा चित्रपट सुरू असतानाच तिच्यावर मोठा आघात झाला. 2 जुलै 1932 रोजी तिने एमजीएममधल्या पॉल बर्न या निर्मात्याशी लग्न केले होते. हा तिच्याहून बावीसेक वर्षांनी मोठा, वाचन असलेला, सौम्य म्हणून ओळखला जाणारा गृहस्थ. 5 सप्टेंबरला तो राहत्या घरी गोळी लागून मेलेला आढळला. नोकराने स्टुडिओला कळवले आणि पोलीस येण्यापूर्वी कंपनीचे वरिष्ठ तिथे हजर झाले होते, त्यामुळे संशयाला कायमची जागा राहिली. अधिकृत निर्णय आत्महत्येचा होता. बर्नची पूर्वीची, पत्नीसारखी राहिलेली सहचरी डोरोथी मिलेट हिचा मृतदेह काही दिवसांनी सॅक्रॅमेंटो नदीत सापडला. हार्लोने या साऱ्याविषयी जाहीरपणे कधी तोंड उघडले नाही. ती सेटवर परतली, 'रेड डस्ट' पुरा केला, आणि कंपनीच्या धास्तीला खोटे ठरवत प्रेक्षकांनी तो उचलून धरला.

1933 सालच्या 'डिनर ॲट एट'मध्ये तिने नवश्रीमंत उद्योगपतीच्या बायकोचे काम केले आहे. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर. पांढऱ्याशुभ्र शयनगृहात पांढऱ्या पलंगावर लोळत ती चॉकलेटे चावते आहे आणि वॉलेस बीरीने रंगवलेल्या धटिंगण नवऱ्याशी भांडते आहे. या भांडणात ती एक पाऊलही मागे येत नाही. शेवटी सगळे जेवायला निघतात, तेव्हा ती सहज म्हणून मारी ड्रेसलर या सहकलाकार नटीला सांगते की मी परवा एक पुस्तक वाचत होते. ड्रेसलर चालता चालता ठेचकाळावी तशी थबकते. यंत्रे लवकरच प्रत्येक धंद्याची जागा घेणार आहेत असे त्या पुस्तकात आहे, हे ऐकून ड्रेसलर तिला नखशिखान्त न्याहाळते आणि म्हणते की, बाई गं, तुला त्याची काळजी करण्याचे कारण नाही. टाळी ड्रेसलर घेते हे खरे, पण हार्लोने पुस्तकाची गोष्ट इतक्या निरागस गांभीर्याने सांगितली नसती तर ती टाळी पडलीच नसती.

त्याच वर्षी आलेल्या 'बॉम्बशेल'मध्ये तिने, नातेवाइकांनी लुबाडलेल्या आणि प्रसिद्धीखात्याने हैराण केलेल्या सिनेनटीची भूमिका केली. ती जवळजवळ तिचीच गोष्ट होती. तिची आई आणि सावत्र वडील मारिनो बेलो तिच्या पैशांवर ऐशआरामात राहत होते. तिसरे लग्न छायालेखक हॅरल्ड रॉसन याच्याशी झाले, तेही वर्षभर टिकले नाही. 1934 च्या मध्यापासून सेन्सॉरचे नियम कडक झाल्यावर तिच्या भूमिकांतला उनाडपणा छाटला गेला आणि मधले काही चित्रपट बेतास बात झाले.

'लायबल्ड लेडी' हा 1936 सालचा चित्रपट मात्र चुकवू नये असा आहे. त्यात तिचा वाग्दत्त वर वर्तमानपत्राच्या कामापायी लग्न पुढे ढकलत राहतो आणि ती वधूच्या पोशाखात त्याच्या कचेरीत तणतणत शिरते. हे चित्रण चालू होते तेव्हा विल्यम पॉवेल या सहकलाकारावर तिचे मनापासून प्रेम होते आणि प्रत्यक्षातही तो लग्नाला तयार नव्हता. तिने हे दुःख विनोदात कसे मुरवले, ते पडद्यावर ऐकण्यासारखे आहे.

1937 च्या सुरुवातीपासून तिच्या तब्येतीच्या कुरबुरी सुरू झाल्या. फ्लू झाला, मार्चमध्ये अक्कलदाढा काढल्यावर रक्तात संसर्ग पसरला. 3 मे रोजी 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र झळकले आणि महिनाअखेरीस 'सॅराटोगा'च्या सेटवर ती कोसळली. आधीच्या डॉक्टरने पित्ताशयाचा विकार समजून उपचार केले. दुसऱ्या डॉक्टरने मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे ओळखले, पण तेव्हा डायलिसिस नव्हते, प्रत्यारोपण नव्हते, पेनिसिलिन बाजारात यायला अवकाश होता. 7 जून 1937 रोजी लॉस एंजेलिसच्या गुड समॅरिटन रुग्णालयात तिचे निधन झाले. केसांच्या रसायनांनी ती मेली, आईने धर्मवेडापायी डॉक्टरला घरात येऊ दिले नाही, अशा अनेक वावड्या पुढे पिकल्या. 1993 साली चरित्रकार डेव्हिड स्टेन यांनी वैद्यकीय नोंदी तपासून त्या खोट्या ठरवल्या: डॉक्टर आणि परिचारिका सतत हजर होत्या, आणि दुखण्याचे मूळ बहुधा पंधराव्या वर्षीच्या त्या स्कार्लेट फीवरमध्ये होते.

'सॅराटोगा' थोडा शिल्लक होता. दुसरी नटी घेऊन नव्याने चित्रण करण्याचा विचार कंपनीने प्रेक्षकांच्या आग्रहामुळे सोडला. उरलेल्या प्रसंगांत मेरी डीस नावाची मुलगी पाठमोरी किंवा रुंद टोपीआड उभी राहिली आणि संवाद रेडिओवरच्या पॉला विन्स्लो या अभिनेत्रीने म्हटले. जुलैमध्ये चित्रपट आला आणि त्याने प्रचंड धंदा केला. आज तो पाहताना पाठमोरी बदली पटकन लक्षात येतेच, पण आवाज बदलला की प्रसंगातला जीवच जातो.

'हेल्स एंजल्स'मधला तिचा सहनायक बेन लायन पुढे फॉक्स कंपनीत अधिकारी झाला. 1946 साली नॉर्मा जीन नावाच्या एका तरुणीची त्याने पडदाचाचणी घेतली आणि तिला मेरिलिन हे नाव सुचवले. लहानपणापासून हार्लोला मानणाऱ्या या मुलीने केस सोनेरी केले. 1965 साली तर 'हार्लो' याच नावाचे दोन चित्रपट एकाच वर्षात निघाले. दोन्हींत केस होते, कपडे होते, लफडी होती, आणि हसवणारी बाई कुठेच नव्हती.

ज्यांना तिची ओळख करून घ्यायची आहे त्यांनी 'डिनर ॲट एट'पासून सुरुवात करावी, मग 'रेड डस्ट' पाहावा, आणि 'हेल्स एंजल्स' सवडीने, विमानांसाठी पाहावा. नमस्कार.