शंभराच्या आत

श्रोतेहो, नमस्कार.

सुरुवातीलाच एक बेरीज करूया. गोल्फचा पूर्ण खेळ म्हणजे १८ होल. होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून, टीपासून, चेंडू खळग्यात पडेपर्यंतचा एक टप्पा. चांगल्या खेळाडूने प्रत्येक होल किती फटक्यांत पुरं करावं याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. कुठे ३, कुठे ४, कुठे ५, आणि सगळ्यांची बेरीज बहुतेक कोर्सवर ७२ च्या आसपास. पारपेक्षा एक फटका जास्त लागला की बोगी, दोन जास्त लागले की डबल बोगी. आता समजा, एखाद्याने नऊ होलांवर बोगी केली आणि उरलेल्या नऊ होलांवर डबल बोगी. ७२ अधिक ९ अधिक १८, झाले ९९. म्हणजे दिवसभरात एकदाही पार न करता हा गडी शंभराच्या आत आला!

हौशी गोल्फर याच शंभराच्या उंबरठ्यावर वर्षानुवर्षं घुटमळतात. त्यातल्या बहुतेकांची समजूत अशी, की चेंडू आणखी लांब गेला असता तर काम झालं असतं. मग ड्रायव्हर नावाचा महागडा क्लब, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, घेतला जातो, मोबाइलवर व्हिडिओ बघून मनगट वळवायची नवी तऱ्हा शिकली जाते, आणि स्कोअर तिथल्या तिथे. लांबीचं महत्त्व मी नाकारत नाही. अव्वल खेळाडूंमध्ये फरक पडतो तो बराचसा लांबच्या फटक्यांनीच. पण आपल्यासारख्यांच्या कार्डावर आठ आणि नऊचे आकडे असतात. पार चारच्या होलवर आठ फटके! असे तीन होल झाले की दिवसाचं वाटोळं.

फोंड्याला माझे एक मित्र आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. बंगळुरूला बदली झाली होती तेव्हा त्यांना गोल्फचा नाद लागला. गोव्यात परतल्यावर पंचाईत झाली, कारण इथे खेळायचं कुठे? दक्षिण गोव्यात मोठ्या हॉटेलांच्या आवारात छोटे कोर्स आहेत, बाणावलीला आहे, काणकोणला राजबागच्या किनाऱ्याला लागून नऊ होलांचा आहे. नऊ होल दोनदा फिरायचे आणि अठरा भरायचे. फोंड्याहून काणकोण म्हणजे पहाटेच निघायला हवं.

इथे जरा विषयांतर करतो. गोव्यात गोल्फ म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या उगीच पडत नाहीत. तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पाला गावकऱ्यांनी केलेला विरोध तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. कुळांच्या जमिनी, पाणी, डोंगरउतार, सगळेच प्रश्न त्यात होते. मी स्वतः गोल्फ खेळतो, तरी माझं मत असं, की आहेत तेवढे कोर्स आपल्याला पुरेत. खेळायची हौस असलेला माणूस काणकोणपर्यंत जाईल.

तर आमचे बँकवाले मित्र. त्यांनी काय केलं, खिशात एक छोटी डायरी ठेवायला सुरुवात केली. स्कोअरकार्डावर नुसता एकूण आकडा असतो, डायरीत फटके गेले कुठे ते. दंडाचे किती, खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू घरंगळवायचे फटके, म्हणजे पट, तीन-तीन किती वेळा लागले, आणि ग्रीनच्या पन्नास यार्डांत येऊनही पुढच्या फटक्यात ग्रीनवर न पोचण्याचे प्रसंग किती. जन्मभर दुसऱ्यांच्या खात्यांचा ताळेबंद जुळवलेला माणूस, स्वतःच्या खात्यात डोकं घालायला त्याला कितीसा वेळ लागणार? थोड्याच दिवसांत लक्षात आलं की सगळ्यात मोठी गळती एकाच जागी आहे. टीवरून ड्रायव्हर मारायचा आणि चेंडू हद्दीबाहेर.

हा नियम श्रोत्यांनी नीट ऐकावा, कारण गोल्फमधला सगळ्यात महागडा नियम हाच. चेंडू हद्दीबाहेर गेला, किंवा तीन मिनिटं शोधूनही सापडला नाही, तर एक फटका दंड आणि परत पहिल्या जागेवरून खेळायचं. पहिला फटका टीवरून मारला, दुसरा दंडाचा, आणि तिसरा पुन्हा त्याच टीवरून. चेंडू एक इंचही पुढे सरकलेला नसतो आणि तुम्ही तिसऱ्या फटक्यावर असता. पार चारच्या होलवर सात-आठ झालेच म्हणून समजा. मित्रांनी अशा अरुंद होलांवर ड्रायव्हर बॅगेतून काढणंच बंद केलं. लोखंडी पाच नंबरचा क्लब, दीडशे यार्ड, सरळ. सोबतचे लोक हसले, हसू द्यावं.

यातूनच ते एका गोष्टीवर आले, आणि मला वाटतं शंभराच्या आत यायची किल्ली तीच आहे. एक पार तीनचं होल होतं, खळग्यातला बावटा १४० यार्डांवर, ग्रीनच्या अलीकडे बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. मित्रांनी सहा नंबर काढला. क्लबचा नंबर जेवढा लहान, तेवढा चेंडू लांब जातो.

मी म्हटलं, "अहो, तुमचा सात नंबर जातो की एकशेचाळीस."

"जातो हो," ते म्हणाले, "पण किती वेळा?"

त्यांचा सात नंबर कधीतरी अगदी मधोमध लागला तर १४० जायचा. एरवी १२५, १३०. म्हणजे दर वेळी ते आपल्या सगळ्यात देखण्या फटक्याच्या भरवशावर हिशोब करत होते आणि दर वेळी चेंडू अलीकडच्या बंकरमध्ये पडत होता. हौशी माणसाचे चुकलेले फटके बहुतेक करून अलीकडेच पडतात, पलीकडे क्वचित. आपला नेहमीचा, रोजचा, कुणी टाळ्या न वाजवणारा फटका किती जातो ते माहीत करून घ्यायचं आणि क्लब त्यावरून निवडायचा. बावटा ग्रीनच्या कोपऱ्यात असेल तर त्याच्याकडे बघायचंही नाही, ग्रीनचा मध्य धरायचा. ऐकायला सोपं आहे, पण माणसाचा अहंकार आडवा येतो. सोबतच्याने आठ नंबर काढला की आपला हात सहा नंबराकडे जातच नाही.

आता वाऱ्याबद्दल बोललंच पाहिजे, कारण किनाऱ्यावरच्या कोर्सवर अर्धा खेळ वाराच खेळतो. शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे. नऊ होलांच्या कोर्सवर याची मोठी गंमत होते. सकाळी पहिल्या फेरीत तुम्ही एक होल खेळलात तेव्हा मागून मंद झुळूक होती. दुसऱ्या फेरीत तेच होल येईपर्यंत अकरा वाजलेले असतात, नारळाच्या झावळ्या उलट दिशेला वळलेल्या असतात आणि वारा तोंडावर. होल तेच, अंतर तेच, क्लब मात्र बदलला. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा वारा अंगावर येतो.

समोरून वारा असला की माणूस आणखी जोरात मारतो. तिथेच फसतो. जोर वाढला की चेंडूला उलटी गिरकी जास्त बसते, तो वर चढतो आणि वाऱ्याने अडून तिथेच टपकतो. मोठा क्लब घ्यावा आणि हळू मारावा. आणि हेही लक्षात ठेवा, समोरचा वारा जेवढं नुकसान करतो तेवढा फायदा मागचा वारा करून देत नाही.

गोव्यात खेळताना आणखी एक तक्रार कानावर येते, की इथली हवा दमट, जड, चेंडू जातच नाही. यात शास्त्र नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा उलट किंचित विरळ असते. चेंडू न जाण्याचं कारण शोधायचं तर हातात शोधावं. घामाने ग्रिप निसटते, दवाने गवत भिजलेलं असतं, क्लब आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी येतं आणि चेंडूवर ताबा राहत नाही. बॅगेत कोरडा टॉवेल आणि एक जादा हातमोजा ठेवला तर गोव्यात नव्या ड्रायव्हरपेक्षा जास्त उपयोग होतो.

ग्रीनवर पोचलो की पटिंग. गोल्फचा खळगा सव्वाचार इंच व्यासाचा, म्हणजे १०८ मिलिमीटर. टीव्हीवर बघताना वाटतं की व्यावसायिक खेळाडूंचे सगळे पट जातात. तसं नाही. आठ फुटांवरून अमेरिकेतले अव्वल खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच घालतात. तीस-बत्तीस फुटांवरून त्यांना सरासरी दोन पट लागतात. मग आपण तीस फुटांवरून पहिला पट चुकला म्हणून कपाळावर हात का मारून घ्यावा? लांबच्या पटाचं काम एकच, चेंडू खळग्याजवळ नेऊन ठेवणं. दिशा थोडी चुकली तर फूटभर फरक पडतो, जोर चुकला तर सहा फूट. कॅरममध्ये लांबच्या सोंगटीवर हात जसा आपोआप तोलला जातो, तसाच हा अंदाज आहे. तो सरावानेच येतो, व्हिडिओ बघून येत नाही.

भारताच्या अदिती अशोकचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. टोकियो ऑलिंपिक, ७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ. ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता असे कितीतरी लोक त्या दिवशी टीव्हीसमोर बसले होते. टीवरून तिचा चेंडू स्पर्धेतल्या बहुतेक जणींपेक्षा मागे पडायचा. कोविडमधून उठून आलेली मुलगी, ताकद कमी. तरी ती चौथी आली आणि पदक हुकलं ते अवघ्या एका फटक्याने. चार दिवस ती टिकली ती पटिंगच्या आणि जवळच्या खेळाच्या जोरावर. लांब मारणाऱ्यांशी बरोबरी करायच्या नादाला ती लागलीच नाही.

पावसाळ्याबद्दल थोडं. किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर खेळ कमीच. पण जे खेळतात त्यांना नियमांचं ज्ञान फटके वाचवून देतं. फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या गवतावर, पावसाचं पाणी साचलंय आणि चेंडू त्यात आहे, तर तो विनादंड उचलता येतो. पाण्याबाहेरची सगळ्यात जवळची जागा धरायची, तिथून एका क्लबच्या लांबीत, खळग्याच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. चेंडू चिखलात रुतला तरी तशीच विनादंड सुटका मिळते. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हापासून असंच आहे, पण अजूनही लोक डबक्यातून चेंडू मारायला जातात, बूट भरून घेतात आणि दोन फटके घालवतात. तळं किंवा ओहोळ अशी दंडाची आखलेली जागा असेल तर मात्र ही सवलत नाही.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी पारच्या तुलनेत फटक्यांत सांगणारा आकडा. त्याविषयी लोकांचा एक गैरसमज आहे. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आली, भारतातही तीच आहे. तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ धरल्या जातात आणि त्यांची सरासरी काढतात. उरलेल्या बारा वाईट फेऱ्या हिशोबात नाहीत! म्हणजे हँडिकॅप तुमच्या चांगल्या दिवसांचा आकडा सांगतो. एखाद्या साध्या रविवारी त्यापेक्षा तीन-चार फटके जास्त लागले तर घरी येऊन बायकोवर चिडायचं कारण नाही. उलट जो दर वेळी हँडिकॅपपेक्षा चांगला खेळतो त्याच्याकडे मी जरा संशयाने बघतो. बहुधा त्याचे खराब दिवस कार्डावर लिहिलेच जात नाहीत. मित्रांमध्ये छोटा पट "दिला" म्हणून उचलायची पद्धत असते, ती खेळीमेळीत ठीक. कार्ड भरायचं असेल तर तो फटकाही मोजायचा. आमचे बँकवाले तर दोन फुटांचा पटही घालूनच पुढे जातात, मागचे लोक थांबलेले असले तरी. याबाबत त्यांचं माझं पटत नाही.

हे मित्र शंभराच्या आत आले. डायरी सुरू केल्यानंतरच्याच हंगामात. त्या दिवशी त्यांनी दोन पार केले होते आणि सगळ्यात वाईट होल सातचं होतं.

सरावाला कोर्सच हवा असं काही नाही. पावसाळ्यात घरात सतरंजीवर पटिंग करा, फरशीवर नको, फरशीवर चेंडू भलताच पळतो. भिंतीपासून एक फूट अलीकडे खडूने रेघ ओढा आणि भिंतीला न लागता रेघ ओलांडून चेंडू थांबवून दाखवा. पाऊस सरला, सरद भात कापून झालं की गावोगावी शेतं मोकळी होतात. शेतमालकाला विचारून सकाळी लवकर जा, पोरांचा फुटबॉल सुरू व्हायच्या आधी. वीस-तीस पावलांवर बालदी ठेवा आणि चिप, म्हणजे चेंडू थोडा उचलणारे छोटे फटके, करत राहा. बालदीत पडला नाही तरी चालेल, बालदीजवळ थांबला पाहिजे. चेंडू मात्र भोकं असलेला प्लास्टिकचा घ्या. खरा चेंडू जवळपास शेचाळीस ग्रॅमचा असतो, दगडासारखा कडक, आणि शेजाऱ्याची कौलं त्याला दाद देत नाहीत.

नमस्कार.