नॅशव्हिलचे वकील: कोर्टाची पायरी आणि शाळेचं दार

(दृश्य: कंबरलँड नदी, पूल, पलीकडे पूर्व नॅशव्हिलच्या गल्ल्या.)

साल १९५५. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेनेसी राज्याची राजधानी, नॅशव्हिल. शहराच्या पूर्व भागात रॉबर्ट केली हा चौदा वर्षांचा मुलगा राहतो. घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ ईस्ट हायस्कूल ही सरकारी शाळा आहे, पण ती गोऱ्या मुलांची. रॉबर्ट कृष्णवर्णीय आहे. त्याला रोज नदी ओलांडून, शहराच्या दुसऱ्या टोकाला, पर्ल हायस्कूलला जावं लागतं.

आदल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवलं होतं. नॅशव्हिलमध्ये मात्र एकाही शाळेचं दार उघडलं नव्हतं. रॉबर्टचे वडील अल्फ्रेड केली न्हाव्याचा व्यवसाय करत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे सांगतात. केली ती पायरी चढले. सप्टेंबर १९५५ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दावा दाखल झाला: केली विरुद्ध नॅशव्हिल शिक्षण मंडळ. तो ४३ वर्षं चालला.

त्या दाव्याच्या कागदांवर दोन वकिलांची नावं होती, झेड. अलेक्झांडर लूबी आणि एव्हॉन विल्यम्स. त्यांची, आणि त्यांच्या आधी व नंतर आलेल्या वकिलांची ही हकिकत आहे.

(दृश्य: सेंटेनिअल पार्क. पार्थेनॉनची प्रतिकृती.)

जगाला नॅशव्हिल माहीत आहे ते कंट्री संगीतामुळे. शहराची स्वतःबद्दलची जुनी कल्पना मात्र वेगळी आहे. 'दक्षिणेचं अथेन्स' हे बिरुद ते अभिमानाने मिरवतं, आणि ग्रीसच्या पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती त्याने बागेत उभी केली आहे. कारण इथली महाविद्यालयं. गोऱ्यांसाठी व्हँडरबिल्ट विद्यापीठ, कृष्णवर्णीयांसाठी फिस्क विद्यापीठ आणि मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय. एकाच शहरात विद्येची दोन वेगळी जगं नांदत होती. व्हँडरबिल्टच्या विधी विभागात पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो १९५६ साली.

म्हणजे त्याआधी वकील व्हायचं तर बाहेरगावी जायचं. जेम्स नेपियर गेले होते. जन्म १८४५ चा. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून १८७२ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते नॅशव्हिलला परतले आणि १८७८ मध्ये नगर परिषदेवर निवडून आले. कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी शाळांत तेव्हा गोरे शिक्षक शिकवत. तिथे कृष्णवर्णीय शिक्षक नेमले जावेत म्हणून नेपियर परिषदेत झगडले, आणि ते घडवून आणलं. पुढे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना अमेरिकेच्या खजिन्याचे रजिस्टर, म्हणजे नोंदणी अधिकारी, नेमलं, तेव्हा देशाच्या नोटांवर त्यांची सही छापली जाऊ लागली. १९१३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने कचेरीतच वर्णभेद आणला. नेपियर यांनी राजीनामा दिला आणि घरी आले. त्याआधी त्यांच्या खटपटीने एक गोष्ट पदरात पडली होती. १९१२ मध्ये नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांसाठी सरकारी अध्यापक व शेतकी विद्यालय उघडलं. आजचं टेनेसी स्टेट विद्यापीठ ते हेच. हे नाव लक्षात असू द्या.

(दृश्य: फिस्क विद्यापीठाचं आवार, ज्युबिली हॉल.)

लूबी मूळचे टेनेसीचे नव्हते, अमेरिकेचेही नव्हते. १८९९ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावर जन्म. लहानपणी आईवडील गेले. व्हेल पकडणाऱ्या जहाजावर पोऱ्या म्हणून काम करत हा मुलगा अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. हॉवर्डमधून पदवी, कोलंबियातून कायदा, न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्यातली डॉक्टरेट. १९२६ मध्ये फिस्कमध्ये अर्थशास्त्र शिकवायला ते नॅशव्हिलला आले आणि मग सनद काढून वकिली करू लागले.

१९३२ मध्ये त्यांनी नॅशव्हिलमध्ये केंट कॉलेज ऑफ लॉ सुरू केलं. ज्यांना व्हँडरबिल्टचं दार बंद होतं आणि बाहेरगावचा खर्च झेपणारा नव्हता, अशा नोकरदार कृष्णवर्णीयांना कायदा शिकवणारी ही लहानशी संस्था. लूबींच्या गाजलेल्या खटल्यांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला मात्र त्यांचं हे काम तितकंच मोठं वाटतं. एक वकील एका अशिलासाठी लढतो. वकील घडवणारा माणूस वस्तीला पिढ्यांपुरतं बळ देतो. या कॉलेजात रॉबर्ट लिलार्ड नावाचा एक तरुण शिकला आणि १९३६ मध्ये वकील झाला. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

लूबींच्या वकिलीचा मोठा भाग शाळांशीच बांधलेला होता. नॅशव्हिलमध्ये तीच पात्रता आणि तेच काम असलेल्या कृष्णवर्णीय शिक्षकाला गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी पगार मिळे. नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल यांच्यासोबत लूबींनी हा प्रश्न फेडरल कोर्टात नेला, आणि १९४२ मध्ये निकाल शिक्षकांच्या बाजूने लागला.

(दृश्य: टेनेसीच्या ग्रामीण भागातला जुना रस्ता. संध्याकाळ.)

चार वर्षांनी याच दोघांवर जिवावरचा प्रसंग आला. नॅशव्हिलच्या दक्षिणेला कोलंबिया नावाचं गाव आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये तिथे रेडिओच्या दुरुस्तीवरून दुकानात वाद झाला. त्यात युद्धातून परतलेला एक कृष्णवर्णीय तरुण होता. प्रकरण चिघळलं, कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर सशस्त्र दलं चालून गेली, दुकानं फोडली गेली, आणि खुनाच्या प्रयत्नाचे खटले मात्र वस्तीतल्याच पंचवीस जणांवर भरले गेले. बचावासाठी लूबी, मार्शल आणि चॅटनूगाचे गोरे वकील मॉरिस वीव्हर उभे राहिले. सगळे ज्यूरर गोरे. तरीही पंचवीसपैकी तेवीस जण निर्दोष सुटले.

नोव्हेंबरमध्ये शेवटच्या खटल्यानंतर हे वकील मोटारीने नॅशव्हिलला परतत होते. पोलिसांनी गाडी अडवली. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप ठेवून मार्शल यांना एकट्याला दुसऱ्या गाडीत घातलं आणि ती गाडी डक नदीच्या दिशेने आडरस्त्याला वळवली. दक्षिणेत अशा वळणाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. बाकीच्यांना नॅशव्हिलला निघून जायला सांगितलं होतं. लूबी आणि वीव्हर गेले नाहीत. त्यांनी आपली गाडी मागे लावली आणि काही केल्या पाठ सोडली नाही. अखेर पोलिसांना मार्शल यांना गावात मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागलं. मॅजिस्ट्रेटने श्वासाचा वास घेऊन पाहिला आणि त्यांना सोडून दिलं. हेच मार्शल १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

(दृश्य: नॅशव्हिलचं नगरभवन.)

१९११ नंतर नॅशव्हिलच्या नगर परिषदेवर एकही कृष्णवर्णीय माणूस निवडून गेला नव्हता. १९४९ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये बेन वेस्ट या गोऱ्या वकिलाने पुढाकार घेऊन निवडणुकीची पद्धत बदलली. आता प्रत्येक प्रभागातून एकेक सदस्य थेट निवडून येणार होता, त्यामुळे कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मतांना वजन आलं. १९५१ च्या निवडणुकीत वेस्ट महापौर झाले, आणि चाळीस वर्षांची खंडित परंपरा पुन्हा सुरू करत दोन कृष्णवर्णीय नगरसेवक परिषदेत बसले. एक लूबी. दुसरे रॉबर्ट लिलार्ड, केंट कॉलेजचे विद्यार्थी.

आणि आता पुन्हा केलींचा दावा. कोर्टाने शिक्षण मंडळाला योजना मागितली. मंडळाने आणलेली योजना अशी: १९५७ मध्ये फक्त पहिली इयत्ता खुली करायची, मग दर वर्षी एकेक इयत्ता. शिवाय ज्या पालकांना आपलं मूल दुसऱ्या वर्णाच्या मुलांत बसवायचं नसेल, त्यांना बदली मागण्याची मुभा. लूबी आणि विल्यम्स यांनी विरोध केला, तरी वर्षाला एक इयत्ता ही चाल अपिलातही टिकली. हिशोब सोपा आहे. ज्याच्या नावाने दावा लढला गेला त्या रॉबर्टला ईस्ट हायस्कूलचा वर्ग कधीच मिळणार नव्हता. हक्क मान्य करायचा आणि तो मागणाऱ्या मुलाचं बालपण संपेपर्यंत द्यायचा नाही, हा अन्यायच होता, आणि तो कायद्याच्या भाषेत केला गेला. बदलीची मुभा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये रद्द केली, नॉक्सव्हिलच्या एका दाव्यात. तो दावाही विल्यम्स यांचाच होता.

सप्टेंबर १९५७ मध्ये सहा-सहा वर्षांची थोडीशी कृष्णवर्णीय मुलं आईबापांचं बोट धरून गोऱ्यांच्या शाळांत गेली. रस्त्यावर दुतर्फा शिव्या देणारा जमाव होता. त्याच रात्री हॅटी कॉटन ही प्राथमिक शाळा डायनामाइटने उडवली गेली. त्या शाळेत एकच कृष्णवर्णीय मुलगी दाखल झाली होती.

(दृश्य: जुन्या दुकानांचे लंच काउंटर. कृष्णधवल छायाचित्रं.)

यानंतरच्या प्रकरणाला आपल्या नागपूरचा एक धागा आहे. जेम्स लॉसन हे तरुण मेथडिस्ट मिशनरी पन्नाशीच्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमध्ये होते. तिथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. नॅशव्हिलला आल्यावर ते फिस्क, टेनेसी स्टेट आणि इतर महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे धडे देऊ लागले. फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर, म्हणजे दुकानांतल्या खाण्याच्या जागी, जाऊन बसले. २७ तारखेला त्यांना मारहाण झाली, आणि अटकही त्यांनाच झाली, एक्क्याऐंशी जणांना.

त्यांची वकीलपत्रं लूबींच्या पुढाकाराने तेरा वकिलांनी घेतली. लूबी युक्तिवाद करत असताना न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. विद्यार्थ्यांना पन्नास-पन्नास डॉलर दंड झाला. त्यांनी दंड भरायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला. लॉसन व्हँडरबिल्टमध्ये शिकत होते. विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं.

१९ एप्रिल १९६०, पहाट. मेहॅरी बुलेव्हार्डवरच्या लूबींच्या घरावर डायनामाइट फेकलं गेलं. घराचा पुढचा भाग कोसळला. समोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शंभराहून अधिक खिडक्या फुटल्या. लूबी आणि त्यांच्या पत्नी मागच्या खोलीत झोपले होते म्हणून वाचले. हल्लेखोरांचा गुन्हा कधीच शाबीत झाला नाही.

त्याच दिवशी हजारो माणसं एक शब्द न बोलता नगरभवनाकडे चालत गेली. पायऱ्यांवर महापौर वेस्ट सामोरे आले. फिस्कची विद्यार्थिनी डायन नॅश यांनी त्यांना सर्वांसमक्ष विचारलं, केवळ वर्णावरून माणसाला वेगळं वागवणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का? लंच काउंटर सर्वांना खुले व्हावेत का? वेस्ट यांनी होय म्हटलं. तीन आठवड्यांनी, १० मे रोजी, शहराच्या मध्यभागातल्या दुकानांनी काउंटर खुले केले.

(दृश्य: राज्य विधिमंडळाची इमारत.)

याच काळात नॅशव्हिलच्या वकिलांनी टेनेसीतल्या इतर वकिलांसोबत आणखी एक गाजलेला खटला लढला: बेकर विरुद्ध कार. टेनेसीचे मतदारसंघ १९०१ नंतर बदललेच नव्हते. शहरं वाढली, जागा मात्र खेड्यांकडेच राहिल्या. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वाटपाविरुद्ध कोर्टात दाद मागता येते असं ठरवलं, आणि देशभरच्या विधिमंडळांचे नकाशे बदलले.

१ एप्रिल १९६३ रोजी नॅशव्हिल शहर आणि भोवतालची डेव्हिडसन काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) यांचं एकच सरकार झालं. ज्या आयोगाने त्याची सनद लिहिली त्यात लूबी होते. गोरी उपनगरं आत आल्यामुळे कृष्णवर्णीय मतांचं प्रमाण घटलं. पण याच एकीकरणामुळे शहर आणि उपनगरं एका शिक्षण मंडळाखाली आली, आणि याचं महत्त्व कळायला आठ वर्षं जावी लागली.

दरम्यान विल्यम्स राज्याच्या सिनेटवर निवडून गेले होते. दिवसा विधिमंडळ, जोडीला केलींचा दावा. १९७१ मध्ये न्यायाधीश क्लूर मॉर्टन यांनी आदेश दिला: मुलांना बसने शहराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे न्या आणि शाळा खऱ्या अर्थाने मिश्र करा. मंडळ एकच असल्याने आदेश उपनगरांनाही लागू झाला. संतापाची लाट उसळली. पुष्कळ गोऱ्या कुटुंबांनी मुलांना खासगी शाळांत घातलं किंवा काउंटीच सोडली. बसचा भार जास्त पडला तो कृष्णवर्णीय लहानग्यांवर, आणि वस्तीने जिवापाड जपलेल्या शाळा बंद होऊ लागल्या. विल्यम्स यांनी तेही कोर्टात मांडलं. दावा निकाली निघाला १९९८ मध्ये. विल्यम्स त्याच्या चार वर्षं आधी वारले होते. लूबी तर १९७२ मध्येच गेले. नॅशव्हिलच्या वकील संघटनेने पन्नाशीच्या दशकात लूबींना सदस्यत्व नाकारलं होतं. ते त्यांना बहाल झालं १९८२ मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

(दृश्य: टेनेसी स्टेट विद्यापीठाचं शहरातलं आवार.)

नेपियर यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं टेनेसी स्टेट विद्यापीठ आठवतं? १९६८ मध्ये टेनेसी विद्यापीठाने, म्हणजे गोऱ्यांच्या मोठ्या सरकारी विद्यापीठाने, नॅशव्हिलमधली आपली शाखा वाढवायला घेतली. रीटा सँडर्स टेनेसी स्टेटमध्ये इतिहास शिकवत होत्या आणि व्हँडरबिल्टमध्ये कायदा शिकत होत्या. त्यांना धोका दिसला. त्याच शहरात दुसरं, भरपूर निधी असलेलं सरकारी विद्यापीठ उभं राहिलं तर गोरी मुलं तिकडे जातील आणि टेनेसी स्टेट कायमचं उपेक्षित राहील. त्यांनी राज्यावर दावा लावला. वकीलपत्र घेतलं जॉर्ज बॅरेट यांनी, कामगारांचे खटले चालवणाऱ्या नॅशव्हिलच्या गोऱ्या वकिलाने. पुढे विल्यम्सही त्यात उतरले.

१९७७ मध्ये न्यायाधीश फ्रँक ग्रे यांनी दोन्ही संस्थांच्या विलीनीकरणाचा आदेश दिला. अशा वेळी कृष्णवर्णीयांची संस्था मोठ्या संस्थेत विरघळून जाते, हा तोवरचा अनुभव. इथे उलट झालं. १ जुलै १९७९ रोजी गोऱ्या विद्यापीठाची शाखा टेनेसी स्टेटमध्ये विलीन झाली. ज्या इमारतीवरून वाद सुरू झाला ती टेनेसी स्टेटची झाली, आणि त्या आवाराला आता एव्हॉन विल्यम्स यांचं नाव आहे.

निधी, प्रवेश आणि नेमणुकांचे प्रश्न घेऊन हा दावा पुढेही चालू राहिला आणि २००६ मध्ये संपला. तोवर रीटा सँडर्स गायर स्वतः वकील म्हणून मोठी सरकारी कारकीर्द करून चुकल्या होत्या. दुसऱ्या वर्षी टेनेसी विद्यापीठाने, म्हणजे ज्याच्या विस्ताराविरुद्ध त्या कोर्टात गेल्या होत्या त्याच विद्यापीठाने, त्यांना नॉक्सव्हिलला कुलगुरूंच्या कार्यालयात पद देऊन बोलावलं. त्यांनी ते स्वीकारलं.