एकादशीच्या ताटातला साबुदाणा

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढीच्या आदल्या रात्री साबुदाणा धुताना त्या पाण्याकडे कधी नीट बघितलंय? दुधासारखं पांढरं पाणी निघतं. तो स्टार्च, म्हणजे पिठूळ कर्बोदक; पचल्यावर त्याची साखरच होते. मागे उरलेला दाणाही तोच. तमिळनाडूत सेलमच्या आसपास टॅपिओकाचे कंद वाटून, चोथा गाळून, तळाशी बसलेल्या सत्त्वाचा साबुदाणा करतात. चोथ्याबरोबर तंतू जातात, पाण्याबरोबर थोडीफार असलेली प्रथिनंही. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 88 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत.

हे मी सांगतेय ते माझ्या आईमुळे. तिला मधुमेह आहे. एका एकादशीला सकाळपासून ती नुसत्या चहावर होती. दुपारी दोन वाट्या खिचडी खाल्ली, त्यात बटाटा, बाजूला रताळ्याचा गोड कीस. दोन तासांनी बोटाला सुई टोचून पाहिलं तर साखर 280! "अगं, मी तर उपाशी आहे," ती काकुळतीला येऊन म्हणाली. तिच्या लेखी पोळी-भात सोडला म्हणजे साखरेचं खाणं सुटलं होतं. प्रत्यक्षात तिच्या रोजच्या ताटातली डाळ, उसळ, पालेभाजी तेवढी गेली होती.

उपास सोडा, असं मी तिला कधीच म्हणणार नाही. चाळीस वर्षांचं तिचं व्रत आहे ते. पण उपासाला चालणारे पदार्थ काही थोडे नाहीत. राजगिऱ्यात 100 ग्रॅमला 13 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. शेंगदाण्यात तर वजनाच्या जवळपास पाव हिस्सा प्रथिनंच. भगरीतही कर्बोदकं पुष्कळ, म्हणून ती वाटीभरच घ्यायची आणि तिच्यावर दाण्याची दाट आमटी. सोबत दही, काकडीची कोशिंबीर. वेफर्स आणि साबुदाणावडे मात्र मधुमेह असलेल्यांनी खरंच टाळावेत.

आणखी एक, फार महत्त्वाचं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपासाच्या दिवशी ते कसं घ्यायचं हे डॉक्टरांना आधी विचारा. औषध घेऊन पोट रिकामं राहिलं, तर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते, माणूस बेशुद्धही पडू शकतो.

आता आईच्या ताटात राजगिऱ्याची भाकरी असते, दाण्याची आमटी असते आणि कोपऱ्यात चमचाभर खिचडी. तेवढी ती डोळे मिटून, सावकाश चावून खाते.