आधी पहार, मग गळ

(दृश्य: सकाळचं कोवळं ऊन, काठालगतचा बर्फ)

तळं नुकतंच गोठलंय. बर्फ इतका नितळ आहे की खालचे गोटे, शेवाळ, सगळं दिसतं. काठापासून थोडं आत गेलं की तोच बर्फ काळा दिसू लागतो, कारण खालचं खोल पाणी आरपार दिसतं. बर्फातला सगळ्यात मजबूत प्रकार हाच. पण आज त्याची जाडी जागोजागी वेगळी आहे.

या दिवसांत मासा गळाला चांगला लागतो. उथळ पाण्यातली झुडपं अजून हिरवी असतात, लहान मासे त्यांच्या आडोशाला राहतात आणि त्यांच्या मागावर वॉलआय, पर्च हे शिकारी मासे येतात. म्हणून तर बर्फावर जाऊन, भोक पाडून गळ टाकायची सगळ्यांना घाई.

(दृश्य: पहारीचं पातं, जवळून)

ही लांब पहार. टोकाला छिन्नीसारखं पातं. पहिला घाव काठावरच घालायचा, मग दर दोन-तीन पावलांना एक. ऐका. जाड बर्फावर पहार ठणकन वाजते आणि हाताला झटका देऊन उसळते. पातळ बर्फावर आवाज दबतो, घावाभोवती पांढरे तडे पसरतात. एका घावात पाणी वर आलं, की पुढचं पाऊल नाही. आलो त्याच वाटेनं मागे.

समोर कालच्या बुटांचे ठसे आहेत, थेट आतपर्यंत गेलेले. ते पाहून चालू नका. त्या माणसाचं वजन किती, तो गेल्यावर वारा किती सुटला, हे ठसे सांगत नाहीत. पहार सांगते.

पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालेलं पाणी हलकं होऊन वर राहतं, म्हणून तळं वरून गोठतं. उथळ काठ आधी, खोल मधला भाग नंतर. झऱ्याच्या तोंडाशी, ओढा मिळतो तिथे, दोन बेटांमधल्या चिंचोळ्या भागात पाणी हलतं राहतं आणि बर्फ धरत नाही. वरून बर्फवृष्टी झाली तर पंचाईत आणखी वाढते. भुसभुशीत बर्फाची ती गोधडी थंडी खाली पोचू देत नाही, आणि पातळ जागा झाकूनही टाकते.

(दृश्य: गिरमिट फिरतंय, भोकातून पाणी उसळतं)

आता गिरमिट. भोकात मोजपट्टी घालायची, तिच्या टोकाचा हूक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचा. पायी चालायला किमान 4 इंच, म्हणजे 10 सेंटीमीटर, नितळ बर्फ हवा. पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर दुप्पट, कारण त्याची ताकद जवळपास निम्मी. एका भोकावर भागत नाही. पुढे गेलं की पुन्हा पाडायचं.

(दृश्य: बचावाचा सराव, कमरेला दोर)

हा सराव आहे, दोराचं दुसरं टोक काठावरच्या पथकाकडे आहे. बर्फ फुटून पाण्यात पडलात, तर पहिलं एक मिनिट फक्त श्वास सावरायचा. पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त हा हिशेब शिकवत आले आहेत. म्हणजे बाहेर यायचं ते त्या दहा मिनिटांत. तोंड आलो त्या दिशेला. गळ्यात दोरीला अडकवलेले दोन टोकदार खिळे हातात धरून बर्फात रोवायचे, पाय मागे जोरात मारायचे, पोटावर सरकत वर यायचं. उभं राहायचं नाही, लोळतच दूर जायचं. खिळे गळ्यातच हवेत. पिशवीतले खिळे पाण्यात पडल्यावर हाती लागत नाहीत.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या अप्पर रेड लेक या तळ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला. त्यावर सुमारे 200 जण अडकले होते. सगळे सुखरूप परतले.

(दृश्य: दुपार, सामान ओढत परतणारे मच्छीमार)

सकाळी तपासलेली वाट दुपारी तीच राहत नाही. उन्हानं काठचे दगड तापतात आणि त्यांच्याभोवतीचा बर्फ आधी सुटतो. म्हणून परततानाही पहार पुढे, घसरगाडी मागे, आणि दोन माणसांत अंतर.